फकिराचा वाटा

साळूबाई ताट घेऊन पंगतीच्या टोकाला बसली, तेव्हा सरूबाईचा हात डाळीच्या पातेल्यातच थांबला.

स्टेशनाकडच्या एका रिकाम्या वखारीत संपवाल्यांची पंगत बसली होती. कापड गिरणीचा संप दुसऱ्या महिन्यात शिरला होता. घरोघरचे डबे खडखडायला लागले, तशी युनियनने सगळ्यांसाठी एकच चूल पेटवली. ज्याच्याकडे जे असेल ते त्यानं आणून द्यायचं आणि ज्याच्या घरी जेवढी खाणारी तोंडं तेवढं त्याला मिळायचं, असा साधा नियम. कोणी सरपण आणी, कोणी पिशोरकडच्या गावातून ज्वारी आणी. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते पाणी भरत, दळण दळत. जेवायला ज्वारीच्या कण्या आणि वर पातळ डाळ, एवढंच. पण ते सगळ्यांना सारखं होतं.

साळूबाईने मान वर केली नाही. एक पोर मांडीवर होतं आणि दोघं तिच्या पाठीला चिकटून उभी होती.

"ऊठ," सरूबाई म्हणाली.

"आक्का, पोरं..."

"मला आक्का म्हनू नको. ही पंगत संपवाल्यायची हाय. तुझा नवरा आत गेला व्हता."

"त्याचा हात गेला, आक्का."

"आन् माझ्या मालकाला गजाआड कोनी घातलं? सांग ना समद्यायला, कोनी घातलं?"

पंगतीतली बोटं थांबली. सांगायची गरज नव्हती, सगळ्यांना माहीत होतं. साळूबाईचा नवरा फकिरा संप फोडून पोलिसांच्या आडोशाने गिरणीत शिरला, त्या दिवशी सरूबाईचा नवरा पुंजाराम फाटकाशी आडवा पडला होता. दंगा कोणी केला असं फौजदाराने विचारलं तेव्हा फकिराने पुंजारामकडे बोट दाखवलं. पुंजाराम अजून कोठडीतच होता. आणि फकिराला, जो जन्मभर गाठी उचलणारा हमाल होता, मॅनेजरने माणूस नाही म्हणून पिंजणाच्या यंत्रावर उभं केलं. आठवडाही झाला नाही, तोच पट्ट्यात त्याचा उजवा हात सापडला. सरकारी दवाखान्यात तो मनगटापासून काढावा लागला. गिरणीने हात झटकले. परवानगी नसताना यंत्राला हात लावला म्हणे.

वैजनाथ पंगतीतून उठला. तो गिरणीतला हजेरीबाबू. साऱ्या दफ्तरातून संपावर आलेला कारकून हा एकटाच. उष्टा हात तसाच धरून तो सरूबाईजवळ आला.

"सरूबाई, आज वाढा. मग आपण सगळे मिळून ठरवू."

"तुमी वाढा मग," तिने पळी पातेल्यात टाकली. "माझ्या हातानं व्हनार नाय, बाबू."

वैजनाथने डावा हात पळीला घातला, तोच बद्रीनाथ नावाचा तरणा विणकर उठून उभा राहिला. "बाबू, पळी ठिवा. आधी ठरवा, मग वाढा. तुमीच म्हनता ना, समद्याच्या मतानं व्हायला पायजे?"

वैजनाथने पळी ठेवली. त्यानेच हे शिकवलं होतं. साळूबाई उठली, पोराला काखेला मारून बाहेर गेली. मागचं थोरलं पोर चालता चालता वळून पंगतीकडे बघत होतं.

वैजनाथचे वडील पैठणला भिक्षुकी करत. निजामाच्या राज्यात तो उर्दू शाळेत शिकला आणि पुढे स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. तुरुंगात त्याच्या बराकीत एक समाजवादी होता. दाढी वाढलेला, दम्याने खोकणारा. तो संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगायचा, की माणूस जन्माने लोभी नसतो. एकाच्या कोठारात दहा जणांचं धान्य अडलं, की उरलेले नऊ एकमेकांच्या ताटात हात घालतात आणि मग कोठारवाला म्हणतो, बघा, माणसाची जातच अशी. कोठार सगळ्यांचं करा, मग बघा माणूस कसा असतो ते. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, वैजनाथ सुटून आला. बरोबरच्या कितीकांनी परमिटं घेतली, कोणी जमिनी घेतल्या. तो हजेरीच्या टेबलाशी बसला. तिथून त्याला रोज सकाळी माणसांची रांग दिसे आणि तो दाढीवाला आठवे.

पंगत उठल्यावर वखारीतच सभा बसली. युनियनचे मोठे पुढारी हैदराबादला बोलणी करायला गेले होते, ते परतलेच नव्हते. म्हणून वैजनाथच बोलला.

"फकिराने वाईट केलं. मी त्याची बाजू घेत नाही. पण तो आत गेला तेव्हा आपली ही चूल पेटलेली नव्हती. त्याच्या पोरांना आपण कोणी विचारलं होतं? उपाशी ठेवून माणसाला फोडणं हा मालकाचा धंदा आहे. आणि आता आपणही त्याच पोरांना उपाशी ठेवायचं, तर मालकात आणि आपल्यात फरक काय राहिला? ज्याला भूक आहे त्याला वाटा आहे. एवढ्यासाठीच तर भांडतोय आपण."

 मग बायांमधून सरूबाईचा आवाज आला. ती उभी राहिली नव्हती.

"बाबू, भूक मानसाला फोडती म्हनता. माझीबी पोरं उपाशी व्हती. फकिराच्या पोरायसंगच रडत व्हती, भिताडाला भिताड लागून घर हाय आमचं. मी गेले का आत?"

 दाढीवाल्याने याचं उत्तर कधी दिलं नव्हतं.

"तुमी म्हनता तसं धरलं," ती पुढे म्हणाली, "तर त्याचाबी दोष नाय आन् माझंबी काय मोठेपन नाय. समदं भुकंचंच. मग मी कशापायी सोसलं, बाबू?"

हात वर करून मतं घेतली. फकिराच्या घरी वाटा द्यावा म्हणून वैजनाथचा हात वर गेला. म्हाताऱ्या सांडूचाही गेला, पण त्याला ऐकू कमी येई. शेजाऱ्याने कानाशी ओरडून सांगितल्यावर त्याने तो घाईघाईने खाली घेतला. दोघंतिघं हसली. बऱ्याच दिवसांत वखारीत कोणी हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वैजनाथने आपलं ताट वाढून घेतलं, त्यावर पंचा झाकला आणि तो फकिराच्या खोलीवर गेला. त्याला कोणी अडवलं नाही. स्वतःच्या वाट्याचं काय करायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न होता.

खोलीत दवाखान्यातल्या औषधाचा वास भरला होता. फकिरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. चिंध्यांत गुंडाळलेला हात त्याने उशाशी ठेवला होता, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. साळूबाईने ताट घेतलं आणि पोरांपुढे सरकवलं. पोरं जेवू लागली तसं फकिराने तोंड वळवलं.

"बाबू, तुमी काहून आलात?"

"जेवण आणलं."

"ते दिसलं मला. काहून आनलं?"

 "तुझ्या घरात भूक आहे म्हणून."

फकिरा कोपरावर उठून बसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "आयका. मी काय देवमानूस नाय. उद्या मॅनेजरनं बोलावलं ना, मी पुन्ना आत जाईन. एका हातानं जाईन. झाडू मारायला बोलावलं तरी जाईन. पुंजारामकडं बोट दावलं, ते का दावलं मला ठावं नाय. फौजदारानं इचारलं आन् बोट उठलं. तेच बोट गेलं आता. पर मला पस्तावा झाला म्हून समजू नका. माझ्यावर भरवसा ठिवून खाऊ घालत असाल तर आत्ताच ताट उचला."

"भरवसा ठेवून आणलं नाही," वैजनाथ म्हणाला.

हे बोलताना त्याला खात्री नव्हती. कुठेतरी आत त्याने ठेवलाच होता. पोटात चार घास गेले, की हा माणूस उठेल, पंगतीत येऊन सरूबाईच्या पाया पडेल आणि सगळे बघतील, असं चित्र त्याने वाटेत येताना रंगवलं होतं. फकिरा पुन्हा भिंतीकडे वळला. धाकट्या पोराने ताट चाटून पुसून साफ केलं.

रोज दुपारी वैजनाथ पंचा झाकलेलं ताट घेऊन जाऊ लागला. वखारीत कुजबुज सुरू झाली. बद्रीनाथ त्याच्यादेखत म्हणाला, "दफ्तराचा मानूस शेवटी दफ्तराचाच. फितुराला पोसायला आत्ता कंपनीनंच सांगितलं असंल." ज्यांच्या हजेऱ्या त्याने वर्षानुवर्षं लावल्या, उशिरा आले तरी सांभाळून घेतलं, ती माणसं तो आला की विषय बदलू लागली. सरूबाई मात्र तसं काही बोलली नाही. ती त्याच्या ताटात वाढायची, इतरांइतकंच, आणि त्याच्या तोंडाकडे बघायची नाही.

वैजनाथच्या बायकोच्या, भानुमतीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ती सोवळ्याओवळ्याच्या घरातली. वखारीत जेवायला ती कधी गेली नाही. घरात उरलेलं आणि शहागंजातल्या बायकांचे कपडे शिवून मिळेल त्यावर ती स्वतःचं आणि लेकीचं, कुमुदचं भागवत होती. एका सकाळी वैजनाथ बादली उचलायला वाकला आणि तिथेच बसला.

"काल जेवला होतात?" तिने विचारलं.

"हो."

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला. शेजारची सांगत होती, ताट कुठं जातं ते." तिने तांब्या त्याच्या हातात दिला. "किती दिवस चाललंय हे?"

तो पाणी प्यायला. ती चुलीशी गेली, रात्रीची उरलेली अर्धी भाकरी तिने ताटलीत ठेवून त्याच्यापुढे आणली. ती तिच्या स्वतःच्या वाट्याची होती, हे त्याला कळलं. तरी त्याने खाल्ली. खाताना त्याला लाज वाटली नाही, भूकच इतकी होती. लाज नंतर वाटली.

त्या आठवड्यात कुमुदला ताप आला. शहागंजातल्या वैद्याने पुडी दिली, दूध द्या म्हणाला. शेजाऱ्यांकडे मागायला वैजनाथ दोन घरी गेला. एकाने नाही म्हटलं. दुसऱ्याच्या बायकोने दारातूनच विचारलं, "फकिराच्या घरी मागून बगा की, बाबू." तो परतला. भानुमतीने त्याचा रिकामा हात बघितला आणि ती कुमुदच्या कपाळावरची पट्टी बदलायला वळली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तशी तिने पेटी भरायला घेतली.

"श्रीधरकडे जाते," ती म्हणाली. श्रीधर तिचा भाऊ, गंगापूरला तहसिलीत कारकून होता. "कुमुदच्या अंगावर थोडं मांस चढलं म्हणजे बघू."

"संप मिटत आलाय, भानू. थोडं थांब."

"तुम्हालाही माहीत आहे कसा मिटतोय ते."

तिने कुमुदचं परकर-पोलकं घडी करून ठेवलं. मग पेटीवर हात ठेवून ती तशीच बसली.

"माणूस मुळात चांगला असतो, हे तुम्ही मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलंत. मला ते आवडलं होतं. आमच्या घरी असं कोणी बोलत नसे. मी अजूनही नाही म्हणत नाही. पण एक विचारू? तुमच्या त्या माणसांत मी आणि कुमुद कुठे येतो?"

"तुम्हाला वेगळं काढून मी कधी..."

"तेच म्हणते मी. वेगळं काढायला हवं होतं थोडं."

तो त्यांना पोचवायला मोटार अड्ड्यावर गेला. पेटी टपावर चढवायची ताकद त्याच्यात नव्हती, कंडक्टरने वरून ओढून घेतली. कुमुदने खिडकीतून हात हलवला. भानुमतीने पदर सारखा केला आणि ती समोर बघत राहिली. गाडी हलली तेव्हा तिने एकदाच वळून त्याच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

चूल त्यानंतर फार टिकली नाही. शहागंजातल्या ज्या दुकानदाराने चोरून धान्य पाठवायचं मनावर घेतलं होतं, त्याला कोणीतरी दम भरला. गावाकडून येणारी ज्वारी थांबली. कण्या पातळ होत होत पाणी झाल्या. मग लोक आपापल्या घरातलं लपवू लागले. बद्रीनाथच्याच खाटेखाली अर्धं पोतं ज्वारी सापडली. त्याला मारायला दहा जण धावले आणि त्याची आई मनकर्णाबाई मधे पडून म्हणाली, "मला मारा, मीच ठिवली." वैजनाथ तिथे होता. त्याने कोणाला आवरलं नाही, आवरायला आवाजच नव्हता. लोक आपोआप थांबले, कारण मारायलाही कोणाच्या अंगात जोर उरला नव्हता. ज्वारी चुलीवर आली, दोन वेळा पुरली. बद्रीनाथ त्याच पंगतीत खाली मान घालून जेवला. त्याला कोणी ऊठ म्हटलं नाही. वैजनाथने सरूबाईकडे बघितलं. ती पातेलं खरवडत होती.

हैदराबादहून निरोप आला, बोलणी फिसकटली. माफीनाम्यावर सही करणाऱ्यांना कंपनी परत घेईल. चिथावणी देणाऱ्यांना नाही. चिथावणी देणाऱ्यांत पहिलं नाव वैजनाथचं होतं. दुसरं पुंजारामचं.

सरूबाई अंगठा देऊन आली त्या दिवशी वखारीत वैजनाथ एकटाच बसला होता. ती दारात थांबली.

"केला अंगठा," ती म्हणाली. "मालक आत हाय, पोरायला कोन घालील?"

"बरोबर केलंत."

"बरोबर नाय केलं. केलं."  अंगठ्यावरची शाई तिने लुगड्याला पुसली, पण ती निघाली नाही. "बाबू, त्या दिशी साळूला वाढलं असतं तर काय झालं असतं, हे मला इचारू नका. मी लई दिस सोताला इचारलंय."

"नाही विचारणार."

"आन् तुमी रोज ताट नेलं, त्यानं काय झालं, तेबी मला सांगू नका."

 ती गेली.

गिरणी उघडली त्या सकाळी वैजनाथ फाटकाशी गेला. कशासाठी गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. भोंगा झाला, रांग लागली. बद्रीनाथ, सांडू, मनकर्णाबाई, सरूबाई, सगळी आपापल्या जागी होती. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याच्या जागी हजेरी घ्यायला एक नवा पोरगेलासा कारकून बसला होता. तो नावं चुकीची उच्चारत होता आणि माणसं चुकीच्या नावालाही 'हाजिर' म्हणत आत जात होती.

फाटकावर फकिरा उभा होता. अंगात खाकी कोट, डोक्याला टोपी. उजवी बाही मनगटाशी दुमडून टाचणीने अडकवलेली. कंपनीला इमान राखणाऱ्याची कंपनी काळजी घेते, हे सगळ्यांना रोज दिसावं म्हणून मॅनेजरने त्याला बरोबर तिथेच उभं केलं होतं. रांगेतली माणसं त्याच्याजवळून जाताना अंग चोरत होती.

वैजनाथ जवळ आला, तसा फकिराने डावा हात आडवा धरला.

"बाबू, तुमाला सोडायचा हुकूम नाय."

"माहीत आहे मला."

"म्हनलो व्हतो ना तुमाला."

"म्हणाला होतास."

फकिराने हात खाली घेतला नाही. वैजनाथ वळला आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसला. घरी जायला घर रिकामं होतं. गंगापूरला जायला तोंड नव्हतं. ऊन वर आलं. गिरणीचा आवाज सुरू झाला होता, पूर्वीसारखाच. त्यात माणसांचं काही ऐकू येत नव्हतं.

दुपारी फकिरा फाटकाच्या आतल्या बाजूला उकिडवा बसला आणि त्याने फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी आणि वाडग्यात डाळ. भाकरी वाळून कडक झाली होती. ती गुडघ्यांत धरून त्याने डाव्या हाताने मोडायचा प्रयत्न केला. ती निसटून मातीत पडली. त्याने उचलली, झटकली, पुन्हा गुडघ्यांत धरली. जाणारे-येणारे बघत होते आणि जात होते. डाव्या हाताने करायची सवय अजून त्याला नव्हती.

वैजनाथ उठला, रस्ता ओलांडून आला आणि गजांबाहेर त्याच्यासमोर बसला. दोन गजांमधून हात घालून त्याने भाकरी घेतली, वाडगा पुढे ओढला. भाकरीचे बारीक तुकडे करून त्याने डाळीत घातले, बोटांनी चांगले कालवले, ते मऊ होईपर्यंत. फकिरा त्या बोटांकडे बघत होता.

"तुमीबी घ्या, बाबू."

"माझं झालंय," वैजनाथ म्हणाला.

आतून मॅनेजरच्या मोटारीचा कर्णा वाजला. फकिराने वाडगा भिंतीच्या कडेला सरकवला, टोपी सारखी केली, फाटक उघडलं आणि डाव्या हाताने सलाम केला. मोटार बाहेर पडली. वैजनाथ उघडलेल्या फाटकाआड उभा राहिला. धूळ खाली बसेपर्यंत त्याने डाळीचा हात अंगापासून लांब धरला होता. मग त्याने तो धोतराला पुसला आणि तो स्टेशनच्या रस्त्याला लागला.